गुणिले पन्नास

मल्लू कंकलवार लेंड्या घेऊन येतो
परसाच्या पानांत. बारा पुड्या
लोकरीच्या धाग्यानं बांधलेल्या,
प्रत्येकीला वेगळी गाठ.
लिहिता येत नाही त्याला, म्हणून गाठ.
मी वर चिठ्ठ्या लावते, एक ते बारा,
आणि तो माझ्या आकड्यांकडे पाहतो
जशी मी त्याच्या गाठींकडे.

गोंडपिपरीच्या दवाखान्यात
डॉक्टरांच्या खुर्चीवर तीन वर्षं
लसीचा डबा बसतो.
सूक्ष्मदर्शक मात्र आहे. आरसा हलतो त्याचा,
खिडकीकडे वळवून घडी घातलेला कागद खुपसला
की ऊन आत येतं.

तीन ग्रॅम लेंडी. खलात घोटायची.
मग मीठ, किराण्यातलंच,
पाण्यानं नको म्हणेपर्यंत टाकत राहायचं.
चहाची गाळणी.
(घरची नाही. घरी विचारतात.)
मग पाच मिनिटं
काहीच करायचं नाही.
हा भाग मला आवडतो.
गवत, माती, लेंडीचं सगळं लेंडीपण
खाली बसत जातं
आणि डोळ्याला न दिसणारं
हळूहळू वर येऊन काचेला टेकतं.

अंडी.
लांबट, पातळ सालीची,
आत सीताफळासारखी दाटलेली.
सुंदर म्हणताना जीभ अडखळते,
कारण यातून निघालेला किडा
मेंढीच्या चौथ्या पोटाला डसून
थेंब थेंब रक्त पितो,
मेंढी उभ्या उभ्या आतून पांढरी पडते.
मल्लू पापणी कशी उलटते ते हातानं दाखवतो :
"धुतल्या चिंधीवानी, मॅडम."

दोन खण. रेघांमधून सरकायचं,
बांधीत रोवणा करताना बाया मागं मागं सरकतात तसं.
मोजली तेवढी, गुणिले पन्नास :
एका ग्रॅमात इतकी.

कानतुटी : चव्वेचाळीस. बावीसशे.
मी पुन्हा मोजते.
रजिस्टरचं पान मागं उलटते.
चौदा दिवसांमागं, औषध पाजण्याआधी,
माझ्याच अक्षरात,
कानतुटी : त्रेचाळीस.

औषध मीच दिलं होतं. पांढरं, सरकारी,
सहा वर्षं तेच.
साठ मेंढ्यांचे जबडे त्यानं गुडघ्यांत धरले,
त्या संध्याकाळी त्याला ताठ उभं राहता येईना.
त्याला कसं सांगू
की त्याच्या जंतांना आता ते
ताकासारखं पचतं.

सातव्या काचेवर काहीच नाही.
एक बुडबुडा. परागाचा एक चुकार कण.
"सातवी कोणती?"
तो टोपलीतलं माझं फेकलेलं पान उचलतो,
धागा चिमटीत चाचपतो.
"हे लंगडी जी. मांगं रायते.
थे बोडीपाशी पोचेपर्यंत दंव सुकून जाते,
मंग बोरीचा पाला ओरबाडत बसते."
तक्रार करावी तसं सांगतो.

दंव.
ओल्या पात्यावर पहाटे चढून बसतात जंतांची पिल्लं,
ऊन तापलं की मुळाशी परत.
हे मी पाठ केलं होतं.
परीक्षेत आलं नाही.

छापील कागदावर रकाने चार :
नमुना, अंडी, औषध, मात्रा.
मी समासात लिहिते.
"काय लिवलं?"
"कळप लंगडीच्या वेळेला सोडावा."

तो हसतो. मग हसत नाही.
"म्हंजे दहा वाजता.
दहा वाजता जंगलाचा गार्ड येते, मॅडम.
आमी अंधारात जातो थे कायले?"

याचं उत्तर माझ्या काचेवर तरंगत नाही.
मी खल धुते. नखांत मीठ चरचरतं.
तो बाराही धागे सोडवतो,
बोटाला गुंडाळून खिशात घालतो.
"नवीन औषध मागवते. चौदा दिवसांनी ये,"
मी म्हणते, कागदावर तारीख लिहून देते.

कागद तो घेतो.
पण दारात थांबून
एक धागा पुन्हा बाहेर काढतो
आणि त्याला गाठ मारतो.